जोर दांड्याचा, कस उष्णतेचा

घरगुती एस्प्रेसो (दाबाने काढलेली दाट कॉफी) यंत्रांमध्ये सध्या दांड्याच्या यंत्रांचे नवनवे आराखडे येत आहेत. पंप नाही, काहींना तर वीजही लागत नाही. गरम पाणी, एक पिस्टन आणि तो दाबायला तरफ, एवढाच कारभार. असं यंत्र समोर आलं की माणूस आधी दांडा ओढून बघतो. जड आहे का, अडखळतो का, हातात भक्कम वाटतो का. माझं म्हणणं असं आहे की दांडा मागाहून बघावा. आधी बघावं ते यंत्रातल्या धातूचं आणि उष्णतेचं गणित. नवा आराखडा तरतो किंवा बुडतो तो तिथेच.

दांडा मुळात आला कशासाठी, हे कळलं की पुढचं सोपं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिलानमध्ये लुईजी बेझेरा यांच्या पेटंटवर जी यंत्रं तयार झाली, त्यांत कॉफीतून पाणी ढकलायचं काम बॉयलरमधली वाफच करत असे. वाफेचा दाब आणि पाण्याचं तापमान यांची गाठ निसर्गानेच बांधलेली आहे. बंद बॉयलरमध्ये वातावरणापेक्षा १ बार (बार हे दाब मोजायचं एकक) जास्त दाब हवा असेल तर पाणी १२० अंशांवर न्यावं लागतं. आजच्या एस्प्रेसोला लागणारे ९ बार निव्वळ वाफेने मिळवायचे तर पाणी १८० अंशांवर जाईल आणि कॉफी करपेल. म्हणून ती यंत्रं कमी दाबावरच अडली. त्याच मिलान शहरात अकिले गाजिया यांनी १९४७ साली स्प्रिंग आणि पिस्टनच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ही गाठ सोडवली. दाब पिस्टन देणार, बॉयलरने फक्त पाणी तापवायचं. कॉफीवर जाड, तांबूस फेस आला तो त्यानंतर. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण दाब आणि तापमान ही दोन कामं त्याने वेगवेगळ्या हातांत दिली.

आता त्या दोन कामांची तुलना करू. ९ बार दाबाने ४० मिलीलिटर पाणी कॉफीतून ढकलायला लागणारी ऊर्जा म्हणजे दाब गुणिले आकारमान. उत्तर येतं ३६ जूल. पावणेचार किलोचा पिठाचा डबा जमिनीवरून मीटरभर उंच ओट्यावर ठेवण्याइतकंच हे काम. कॉफीची पूड स्वतःही पाणी पिते, म्हणून एका कपाला साधारण ६० मिलीलिटर पाणी धरू. ते २५ अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला सुमारे १७,००० जूल लागतात. म्हणजे हाताच्या कामाच्या पावणेपाचशे पट. हाताला मेहनत जाणवते म्हणून आपलं लक्ष तिकडे जातं, पण कपात उतरणारी बहुतेक सगळी ऊर्जा उष्णतेचीच असते.

ही उष्णता चोरतो तो धातू. समजा पाणी जिथून कॉफीवर उतरतं तिथला पितळी भाग ३०० ग्रॅमचा आहे आणि तो खोलीच्या तापमानाला, २५ अंशांवर आहे. त्यात ९५ अंशांचं ६० ग्रॅम पाणी ओतलं आणि दोघांचं तापमान एक होऊ दिलं, तर पाणी ७३ अंशांवर येऊन थांबतं. एस्प्रेसोला पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान हवं. ७३ अंशांवर निघालेली कॉफी आंबट आणि पाणचट लागणारच. तोच पितळी भाग आधी ८० अंशांवर तापवून ठेवला असेल तर पाणी ९० अंशांवर टिकतं. प्रत्यक्षात पाणी आणि धातू एकमेकांशी पूर्ण जुळवून घेईपर्यंत कॉफी निघूनही जाते, त्यामुळे फटका थोडा कमी बसतो, पण दिशा हीच. पितळेऐवजी स्टेनलेस स्टील वापरलं म्हणून सुटका होत नाही. त्याची विशिष्ट उष्णता पितळेपेक्षा जास्त आहे, म्हणजे तेवढ्याच वजनाचं स्टील जास्त उष्णता खातं. त्याची उष्णतावाहकता मात्र पितळेच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच, त्यामुळे ते एका जागी तापतं आणि दुसऱ्या जागी थंड राहतं.

या अडचणीतून प्रत्येक यंत्राने आपापली वाट काढली आहे. ला पावोनीचं युरोपिक्कोला हे १९६०च्या दशकापासून चालत आलेलं घरगुती यंत्र. त्याचा बॉयलर बंद असतो, आतला दाब ०.८ बारच्या आसपास आणि पाणी सुमारे ११७ अंशांवर. हे पाणी कॉफीसाठी जास्तच गरम आहे. ते निवतं ते बॉयलरला थेट जोडलेल्या पितळी डोक्यात, म्हणजे पाणी जिथून कॉफीवर उतरतं त्या भागात. पहिल्या कपाला डोकं तुलनेने थंड असतं, म्हणून जमून जातं. तिसऱ्या-चौथ्या कपापर्यंत ते इतकं तापतं की पाणी निवतच नाही आणि कॉफी कडू होते. म्हणून ही यंत्रं वापरणारे लोक डोक्यावर तापमानाची पट्टी चिकटवतात, ओलं फडकं गुंडाळतात. दूध फेसाळायला वाफ मिळते, हा मात्र बंद बॉयलरचा मोठा फायदा.

अलीकडच्या यंत्रांनी बॉयलरच काढून टाकला. कॅफेलॅट कंपनीच्या ‘रोबोट’ नावाच्या यंत्रात पूड भरलेल्या खोल बास्केटमध्येच, थेट पुडीवर किटलीतलं पाणी ओततात. वाटेत धातू जवळजवळ नाहीच, त्यामुळे चोरीही कमी. मला हा विचार विलक्षण सुंदर वाटतो, कारण त्यात काही वाढवलेलं नाही, उलट काढून टाकलं आहे. फ्लेअर ५८ या यंत्रात पाणी भरायच्या भागाला विजेचा हीटर लावून तो आधीच तापवून घेतात. किटलीवर चालणाऱ्या यंत्रांना आणखी एक मर्यादा असते, ती म्हणजे तुमच्या गावची उंची. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. फिक्या भाजणीच्या कॉफीला जास्त गरम पाणी लागतं. तिथे हे दोन-तीन अंश चवीत कळतात.

म्हणून नव्या यंत्राच्या निर्मात्याकडे मी पहिल्यांदा एकच आलेख मागेन. सलग चार कप काढताना कॉफीच्या पुडीवर पोचलेल्या पाण्याचं तापमान किती होतं? ज्याने हे मोजलंय तो दाखवायला तयार असतो.

आता दांडा. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ९.२ किलोचा भार. पिस्टन ५८ मिलिमीटर व्यासाचा असेल तर एकूण भार सुमारे २४० किलो, ४९ मिलिमीटरचा असेल तर १७३ किलो. तरफ दहा पट जोर देणारी धरली तर हाताला २४ किंवा १७ किलो लावावे लागतील. अरुंद पिस्टन हलका, पण त्याच ४० मिलीलिटरसाठी हात १५ऐवजी २१ सेंटिमीटर न्यावा लागतो. दोन्हीकडे गुणाकार तोच, ३६ जूलचा. जाहिरातीत कोणी सांगितलं की आमचा दांडा कमी जोरात जास्त दाब देतो, तर त्यासाठी हात किती लांब न्यावा लागतो ते विचारा.

सतरा किलो वाचताना किरकोळ वाटतात. पण यंत्राचं वजन ६ किलो आहे, त्याचा भार बैठकीच्या पुढच्या कडेपासून २० सेंटिमीटर मागे आहे आणि दांड्याचं टोक त्या कडेच्या १० सेंटिमीटर पुढे येतं, असं धरून बघा. यंत्राला उलथवणारी बाजू १७० किलो-सेंटिमीटर, सावरणारी फक्त १२०. यंत्र पुढे कलंडणार, तेही उकळतं पाणी पोटात घेऊन. दुसऱ्या हाताने यंत्र धरून ठेवणं हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. बैठक दांड्याच्या टोकापर्यंत पुढे आलेली असावी किंवा ओट्याला स्क्रूने बसवायची सोय असावी.

स्प्रिंगच्या यंत्रात हात फक्त स्प्रिंग दाबतो, कॉफी स्प्रिंगच काढते. स्प्रिंग जसजशी मोकळी होते तसतसा दाब उतरतो आणि हे कॉफीच्या पथ्यावर पडतं, कारण पुडीतले पदार्थ विरघळून गेले की तिचा विरोधही कमी होतो. धोका एकच आणि तो गंभीर आहे. पूड फार जाड दळली असेल किंवा पिस्टनखाली पाणीच आलं नसेल, तर सोडलेला दांडा सरळ उसळी मारून वर येतो. हनुवटी त्या वाटेत नसावी. घरात लहान मुलं असतील तर मी हाताने दाबायचं यंत्रच घेईन. हात सैल केला की त्यातला दाब तिथेच संपतो. शिवाय पूड किती घट्ट ठासली गेली, वाटेत भेग पडून पाणी एका बाजूने निसटतंय का, हे तळहाताला थेट कळतं, आणि त्या क्षणी जोर कमी करता येतो.

पिस्टनभोवतीची रबरी किंवा सिलिकॉनची रिंग हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि झिजतोही तोच. ती गळायला लागली की ९ बार कधीच मिळत नाहीत, दांडा कितीही दाबा. परदेशातून एकेक रिंग मागवत बसण्यापेक्षा इथल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाची, अन्नाला चालणारी रिंग मिळते का ते आधी बघून ठेवावं. त्यासाठी आतला व्यास आणि जाडी माहितीपुस्तिकेत छापलेली हवी. ती नसेल तर पैसे भरण्याआधी लिहून मागवा.