बोट कशासाठी उठतं?

"मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता." अडीच वर्षांचं मूल बोलत नसलं की घरात कुणीतरी हे म्हणतंच, आणि त्या धीरावर वर्ष-दीड वर्ष निघून जातं. स्वमग्नतेत म्हणजे ऑटिझममध्ये हेच वर्ष फार मोलाचं असतं. मला वाटतं, शब्द मोजण्याआधी मुलाचं बोट बघावं.

पाणी हवंय म्हणून माठाकडे केलेलं बोट वेगळं आणि खिडकीतला कावळा दाखवायला केलेलं बोट वेगळं. दुसऱ्या वेळी मुलाला कावळा नको असतो. आपण पाहिलेलं आईनेही पाहावं एवढंच हवं असतं. कावळा, आईचा चेहरा, पुन्हा कावळा अशी त्याची नजर फिरते. हे संयुक्त अवधान. भाषा रुजते ती इथे. आई 'कावळा' म्हणते तेव्हा समोर गज असतात, पडदा असतो, झाड असतं. हा आवाज त्यातल्या नेमक्या कशाचा, हे मुलाला आईच्या नजरेवरून कळतं. दीड वर्षाचं मूल हातातल्या खेळण्यात रमलेलं असताना मोठ्या माणसाने दुसरीकडे बघत नवं नाव उच्चारलं, तर मूल मान वर करून त्याची नजर तपासतं, असं मानसशास्त्रज्ञ डेअर बाल्डविन यांच्या प्रयोगांत दिसलं. स्वमग्न मुलात नजरेची ही ये-जा कमी असते. शब्द कानावर पडतात, पण वस्तूला चिकटत नाहीत.

म्हणून संशोधक कॉनी कसारी यांनी तीन-चार वर्षांच्या ५८ स्वमग्न मुलांचे तीन गट केले. एका गटात थेट संयुक्त अवधानावर आणि दुसऱ्यात कल्पक खेळावर भर दिला. वर्षभराने या दोन्ही गटांतल्या मुलांची भाषा तिसऱ्या गटापेक्षा पुढे होती.

भाषा किती येईल हे मुलाची सुरुवातीची समज, अनुकरण, खेळ आणि वय यांवरही बरंच ठरतं. उपचाराच्या तासांचं गणित मात्र सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातले आठवड्याचे ४० तास गाजले, पण त्यात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. पुढे आठवड्याला १५ आणि २५ तासांची तुलना झाली, तेव्हा एकंदरीत फरक दिसला नाही. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाने लाखो रुपये घेणाऱ्यांकडे तर ठोस पुरावाच नाही. तो पैसा आणि वेळ मुलाचा आहे.

गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांवर झालेली चाचणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण करत आणि आईबरोबर बसून ते बघत: इथे तो तुमच्याकडे वळला, इथे थोडं थांबायला हवं होतं. आईवडिलांचा प्रतिसाद मुलाशी जास्त जुळू लागला, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला.