रानडुक्कर किंवा गवा गाडीला धडकला तर जखमी चालकाला भरपाई कशी मिळते?

कोकणात, राधानगरी-आजरा-चंदगड पट्ट्यात किंवा विदर्भात रात्री गाडी चालवणाऱ्याला हा धोका नवा नाही. झाडीतून रानडुक्कर सुसाट येतं, दुचाकीला धडकतं आणि चालक रस्त्यावर फेकला जातो. समोर दुसरी गाडी नसते, त्यामुळे ‘आता दावा कुणावर करायचा’ असं म्हणत बरेच जण घरच्या पैशाने उपचार करून गप्प बसतात. खरं तर अशा जखमीला वनविभागाकडे अर्थसहाय्य मागता येतं.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये या रकमा वाढवल्या. मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख, कायमचं अपंगत्व आल्यास ७.५ लाख आणि गंभीर जखमीला ५ लाख रुपये मिळतात. किरकोळ दुखापतीत उपचाराचा खर्च मिळतो, त्याची कमाल मर्यादा ५० हजार आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, रोही (नीलगाय) हे प्राणी यात येतात. भटकं कुत्रं, मोकाट गाय-बैल किंवा गावातलं पाळीव डुक्कर आडवं आलं तर ही योजना लागू होत नाही.

‘हल्ला नव्हता, अपघात होता’ असं कुणी सांगितलं तर तिथेच माघार घेऊ नका. दुचाकीला रानडुकराची धडक बसून मृत्यू झालेल्या एका चालकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. वन्यप्राण्यापासून नागरिकांचं रक्षण करणं ही राज्याची जबाबदारी आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. अर्जासोबत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते पहिले ४८ तास. तेवढ्या वेळात वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्यापैकी कुणाला तरी घटना कळवायची असते. जखमी माणूस स्वतः कळवू शकणार नाही, म्हणून घरच्यांनी किंवा मदतीला आलेल्यांनी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि नंतर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत शक्य असेल तर गाडी जागेवरच ठेवा. ती हलवणं भाग असेल तर आधी फोटो काढा: रस्ता, गाडीचा मोडलेला भाग, त्यावर अडकलेले केस, रक्ताचे डाग, बाजूच्या मातीतले खुरांचे ठसे. प्राणी पळून गेलेला असतो, त्यामुळे तो वन्यप्राणीच होता हे याच खुणांवरून ठरतं. दवाखान्यात ‘गाडीवरून पडलो’ एवढंच सांगितलं तर केसपेपरवरही तेवढंच लिहिलं जातं आणि पुढे दावा अडतो. कोणत्या प्राण्याने धडक दिली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उपचार शक्यतो सरकारी रुग्णालयात घ्या.

अर्जाला पंचनामा, पोलिसांकडची नोंद, केसपेपर व डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, लायसन आणि गाडीची कागदपत्रं जोडा. दुखापत गंभीर असेल किंवा अपंगत्व आलं असेल तर सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा लागतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा.

विम्याचंही लगेच बघा. सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचं संरक्षण १५ लाखांचं असतं. मात्र ते गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी असतं, आणि गाडी चालवताना त्याच्याकडे वैध लायसन हवं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास निम्मी. दवाखान्याचं बिल यातून मिळत नाही. गाय, कुत्रा किंवा पादचारी आडवा येऊन मालक-चालक दगावला किंवा कायमचा अपंग झाला तरी हेच संरक्षण कामी येतं.

तातडीच्या उपचारासाठी केंद्राची मे २०२५ पासूनची कॅशलेस योजना आहे. त्यात नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार होतात. त्यासाठी ११२ वर फोन करा.

वनविभागाने अर्ज फेटाळला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारण लेखी मागा, कारण वरिष्ठांकडे किंवा न्यायालयात दाद मागताना हाच कागद लागतो.