एकोणपन्नासची गंमत

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गवार घेऊन बसलेल्या मावशी ओरडतात, "साठला अर्धा, शंभरला किलो!" एकोणपन्नास, नव्व्याण्णव असले भाव तिथे चालत नाहीत, सुट्टे कोण देणार? पण मावशीही काही कमी नाहीत. अर्ध्याचा भाव साठ सांगितला की शंभरचा किलो स्वस्त वाटतो. घरात खाणारी माणसं दोन, उरलेली गवार फ्रिजमध्ये वाळते ते वेगळं.

तलावपाळी ओलांडून राम मारुती रोडला आलं की पाट्यांवर नऊच नऊ. कुर्ता ४९९, ओढणी २९९. आपण आकडा डावीकडून वाचतो आणि शेवटच्या नऊपर्यंत नजर पोचायच्या आत मनात 'चारशेचं काहीतरी' अशी नोंद होऊन जाते. मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ या संशोधकांनी २००५ साली हे प्रयोगांतून दाखवलं. ३ डॉलरपेक्षा २.९९ लोकांना बरंच कमी वाटलं, ३.६० आणि ३.५९ मध्ये मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे जादू नऊची नाही, डावीकडचा आकडा बदलण्याची.

आता मराठीची गंमत बघा. डोळ्यांना ४९ मध्ये आधी चार दिसतो, पण तोंडाने आपण म्हणतो एकोणपन्नास, पन्नासला एक कमी. बिंग तिथेच फुटतं! २९, ३९ चंही तेच. नव्व्याण्णव तेवढा निसटतो, त्याला कुणी एकोणशंभर म्हणत नाही. दुकानदाराचा लाडका आकडाही नेमका तोच.

त्या कुर्त्यावर १,२९९ खोडून ४९९ लिहिलं होतं. खोडलेला आकडाही कामाला लागतो. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या लेखात एक प्रयोग आहे. लोकांसमोर चक्र फिरवायचं, आकडा दाखवायचा आणि विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ह्या आकड्यापेक्षा जास्त की कमी? नक्की किती? चक्राचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता. तरी १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. पहिला आकडा खुंटीसारखा रुततो आणि मन त्याच्याभोवतीच घोटाळत राहतं.

हे सगळं ठाऊक असूनही कुर्ता घेतलाच. घरी आईला म्हटलं, "चारशेला मिळाला."

"चारशेला? बिल दाखव बघू."