व्हॅलेटाची वेस: माल्टाच्या राजधानीतील भटकंतीमागचा इतिहास

ट्रायटनच्या कारंज्याला वळसा घालून खंदकावरचा पूल ओलांडला की व्हॅलेटा सुरू होते. ज्याला ‘सिटी गेट’ म्हणतात, तो दरवाजा मात्र तिथे नाही. कमान नाही, कवाडे नाहीत. तट सरळ कापलेला आणि वर मोकळे आकाश. आत शिरताच उजवीकडे खवल्याखवल्यांच्या दगडांची संसद आणि तिच्यापुढे मोडक्या खांबांमध्ये मांडलेल्या खुर्च्या. बरेच पर्यटक याला युद्धातली पडझड समजतात. खुर्च्यांजवळचे खांब खरेच बॉम्बहल्ल्यातून उरलेले आहेत. वेस मात्र ठरवून उघडी ठेवली आहे, आणि तो निर्णय बेटावर अजून सगळ्यांच्या गळी उतरलेला नाही.

१५६५च्या तुर्की वेढ्यानंतर बेटावर राज्य करणाऱ्या नाइट्सनी, म्हणजे सेंट जॉनच्या ख्रिस्ती लढाऊ पंथाने, शहर वसवायला घेतले. पायाचा दगड २८ मार्च १५६६चा. दोन बंदरांमधल्या डोंगराचा माथा आधी सपाट करायचा आणि मग चौकटी आखायच्या, असा बेत होता. तुर्क पुन्हा येतील या धास्तीने सपाटीकरण अर्ध्यावर सोडले आणि आखलेल्या रेषा तशाच उतारावर उतरवल्या. म्हणून माथ्यावरचा रिपब्लिक स्ट्रीट बराचसा सुखाचा आहे, पण त्याला छेदणाऱ्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी थेट पाण्याकडे कोसळतात. गुडघे कुरकुरत असतील तर माथ्यामाथ्याने चालावे आणि आडव्या गल्लीत एकदाच उतरावे. नकाशावरचे दोनशे मीटर इथे फसवतात.

वेस मात्र एकाच जागी पाचदा बांधली गेली. पहिली शहराबरोबरची, दुसरी १६३३ची, तिसरी ब्रिटिशांची १८५३ची, चौथी स्वातंत्र्यानंतर १९६५ची. चौथी पाडली २०११मध्ये; पाचवी म्हणजे आजची मोकळी खाच. तिच्या सपाट, रुंद चौकटीबद्दल कुणाला फारसे प्रेम नव्हते, त्यामुळे ती पाडण्यावरून फारसे काही झाले नाही. खरे भांडण शेजारच्या भूखंडावर होते.

त्या भूखंडावर १८६६मध्ये ऑपेरा हाउस उभे राहिले. आराखडा लंडनहून आला. रस्ता उताराचा आहे, हे कागदावर नीट आलेच नव्हते. मग दर्शनी बाजूला चौथरा चढवून इमारत समतल करावी लागली. आज खुर्च्यांकडे जाताना ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांचे मूळ या चौथऱ्यात आहे. १८७३च्या आगीत बाहेरच्या भिंती टिकल्या, पण आतला चुनखडीचा दगड उष्णतेने भाजून निकामी झाला. १८७७मध्ये पडदा पुन्हा वर गेला. ७ एप्रिल १९४२ला बॉम्ब पडले आणि छपरासकट प्रेक्षागृह बसले. उरलेल्या भिंती १९५०च्या दशकाच्या अखेरीस धोकादायक म्हणून उतरवल्या. पुढची कित्येक दशके राजधानीच्या तोंडावरच्या या जागेत लोक गाड्या लावत होते. नव्या नाट्यगृहाचे बेत आले आणि बारगळले. १९८०च्या दशकात एका विख्यात इटालियन वास्तुविशारदाकडून आराखडा घेतला गेला. तोही फायलीत गेला.

२००८मध्ये त्याच वास्तुविशारदाला पुन्हा बोलावले आणि पुढच्या वर्षी आराखडा लोकांसमोर आला: वेशीच्या जागी मोकळी खाच, तिच्यामागच्या चौकात संसद आणि ऑपेराच्या अवशेषांत बिनछपराचे नाट्यगृह. यावर बेट पेटले. एका बाजूचे म्हणणे, ऑपेरा हाउस जसे होते तसे उभे करा. दुसऱ्या बाजूचे उत्तर, आधुनिक ऑपेराला लागणारा रंगमंच आणि मागची जागा या भूखंडात मावतच नाही. दुसरा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता. पण त्यातून बिनछपराचे नाट्यगृहच का निघावे, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. खुल्या जागेत रस्त्याचा गोंगाट, चर्चच्या घंटा आणि उन्हाळ्यातल्या उत्सवांचे फटाके सगळे आत येते; हिवाळ्यात पाऊस आणि वारा. नाट्यगृह २०१३मध्ये सुरू झाले, संसद ४ मे २०१५ला. गावकऱ्यांनी संसदेला ‘चीज किसणी’ हे नाव तत्काळ बहाल केले.

किसणीवर अन्याय होतो, असे मात्र म्हणावे लागेल. जुन्या शहराचा मधाळ रंगाचा दगड मऊ आहे. कोरायला सोपा, पण खारे पाणी आत मुरले की मीठ स्फटिक होऊन पृष्ठभाग पिठासारखा झडतो, आणि सिमेंटचे ठिगळ लावले की आणखी लवकर. संसदेसाठी गोझो बेटाचा कठीण दगड वापरला. प्रत्येक खवल्याचा कोन ऊन अडवून उजेड आत घेण्यासाठी आहे. जवळ जाऊन दक्षिणेची आणि उत्तरेची भिंत ताडून पाहावी, फरक कळतो.

अलीकडच्या बदलांनी फिरण्याची दिशाच बदलली. २००७पासून गाड्यांना प्रवेशशुल्क आहे. १९०५ची बंदराकडची लिफ्ट १९७३मध्ये बंद पडली होती. २०१२मध्ये तिथे ५८ मीटरची नवी लिफ्ट आली. त्यामुळे बंदरावरच्या अप्पर बराक्का बागेतली तोफ दुपारी बाराला ऐकायची, लिफ्टने खाली उतरायचे आणि समोरच्या धक्क्यावरून फेरी पकडून बंदरापलीकडच्या बोर्मलाला जायचे, हा क्रम सोयीचा झाला. या बंदराचे, ग्रँड हार्बरचे, तोंड ईशान्येला असल्याने त्या दिशेचा ‘ग्रेगाल’ वारा सुटला की फेऱ्या बंद होतात. तेव्हा बसने वळसा घ्यावा लागतो. पलीकडच्या तीन शहरांची नावे दुहेरी आहेत: बिर्गू म्हणजे व्हित्तोरिओसा, बोर्मला म्हणजे कॉस्पिकुआ, इस्ला म्हणजे सेंग्लेआ. तिकडे गोदीमुळे १९४१च्या जानेवारीपासून जबर बॉम्बहल्ले होत गेले, म्हणून बोर्मला आणि इस्लात नवी बांधकामे जास्त दिसतात. जुन्या गल्ल्या पाहायच्या तर बिर्गू.

इम्दिनाला, म्हणजे बेटाच्या जुन्या तटबंद राजधानीला, पूर्वी रेल्वे जात असे, १८८३ ते १९३१. सुटायची या वेशीच्याच शेजारून. आता वेशीबाहेरून ५१, ५२, ५३ क्रमांकाच्या बस इम्दिनाला लागूनच असलेल्या रबातला जातात. इम्दिनाचे आजचे रूप मध्ययुगीन वाटले तरी कॅथेड्रल १६९३च्या भूकंपानंतरचे आणि मुख्य दरवाजा १७२४चा. सहलींचे जथे दुपारी असतात. संध्याकाळी गाव पुन्हा आपले असते.

पाओला गावातल्या हाल सफ्लिएनी या प्रागैतिहासिक भूमिगत दफनस्थळाला मात्र आयत्या वेळी जाणे जमत नाही. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा लाल गेरूच्या नक्षीला मारक ठरत होता, म्हणून १९९१मध्ये ते बंद केले आणि २०००मध्ये उघडताना दिवसाला ८० जणांची मर्यादा घातली. विमानाच्या तिकिटाआधी इथले तिकीट पाहावे.