विणकाम-नमुनाकार

विणकाम-नमुनाकार : दोन सुयांवरील हातविणकामाची रचना करून ती टाक्याटाक्याने लिहून विकणारा स्वतंत्र व्यावसायिक. त्याचा माल तयार स्वेटर नसून लिखित कृती हा असतो. मागावरील विणाईचा येथे विचार केलेला नाही.

या कलेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ईजिप्तमधील, साधारणतः इ. स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले लोकरी मोजे पूर्वी सर्वांत जुने विणकाम समजले जात. सिरियातील ड्यूरा-यूरोपस या प्राचीन नगरात सापडलेले तुकडेही त्याच वर्गात घातले गेले होते. दोन्ही ठिकाणचे काम नालबाइंडिंग या एकसुई पद्धतीचे असावे, हे मत आता अधिक ग्राह्य ठरते. सुयांवर विणलेली वस्तू धागा ओढताच ओळीने उसवते. नालबाइंडिंगमध्ये धाग्याचे टोकच प्रत्येक फासातून काढलेले असल्याने तसे होत नाही. संग्रहालयात अर्थातच कोणी धागा ओढून पाहत नाही. तेथे फासाची बांधणी तपासतात. खऱ्या विणकामाचे जुने अवशेषही ईजिप्तमधलेच, निळ्या-पांढऱ्या सुताचे. त्यांचा काळ अकराव्यापासून चौदाव्या शतकापर्यंत कोठेही दिला जातो. स्पेनमधील लास वेल्गास मठातल्या थडग्यातील उशीचा रेशमी अभ्रा १२७५ च्या सुमाराचा असल्याने अधिक भरवशाचा. छापील कृती लंडनमध्ये १६५५ मध्ये आढळते. भारतात प्रसार एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मिशनरी शाळांमार्फत झाला असे मानतात.

महाराष्ट्रात कुंची, टोपडे, पायमोजे हे नमुना समोर ठेवून, तोंडी शिकले जात. कागदावर मात्र मोघमपणा चालत नाही. १० सेंमी.त २२ टाके धरून १०० सेंमी. घेरासाठी २२० टाके सांगितले आणि विणणाऱ्या हाताचे २१ च बसले, तर घेर सुमारे १०५ सेंमी. होतो. म्हणून नमुनाकार आधी मापाचा तुकडा विणतो, तो धुऊन वाळवून मोजतो, सर्व मापांचे गणित मांडतो आणि प्रसिद्धीपूर्वी इतरांकडून विणून घेतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन नमुनाकार एलिझाबेथ झिमरमन (१९१०–९९) यांनी घेराच्या टक्केवारीवरून बाही व गळा काढण्याची रीत रूढ केली.

हक्कांचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. कृतीच्या मजकुराला प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ अन्वये साहित्यकृती म्हणून संरक्षण मिळू शकते. मात्र त्याच्याच कलम १५ नुसार नोंदणीयोग्य पण नोंदणी न केलेल्या आकृतिबंधावरील (डिझाइनवरील) प्रतिलिप्यधिकार, वस्तूच्या पन्नासाहून अधिक प्रती औद्योगिक प्रक्रियेने निघाल्यावर संपतो. हातविणकाम ‘औद्योगिक’ कसे, असा आक्षेप घेता येईल. पण आकृतिबंध अधिनियम, २००० च्या व्याख्येत हाताने केलेली प्रक्रियाही येत असल्याने तो फारसा टिकत नाही. वेणीसारख्या पारंपरिक विणींवर कोणाचाच हक्क नाही.

या व्यवसायाचे स्थानिक उदाहरण म्हणून ठाणे घेता येईल. ठाण्याचे लोकरीशी नाते १९२५ मध्ये सुरू झालेल्या, पुढे रेमंड नावाने गाजलेल्या गिरणीचे; पण तिचे काम ब्लँकेटे व सुटिंगचे होते. त्यात हातविणकामाचा वारसा शोधणे ओढूनताणून होईल. येथील दमट हवेत जाड लोकरीला घरगुती गिऱ्हाईक थोडे; सुती धागा आणि बाळाचे कपडे हेच चालतात. गरम कपड्यांच्या कृतींचा ग्राहक थंड प्रदेशातला, म्हणून त्या बहुधा इंग्रजीत लिहिल्या जातात. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या विणकामविषयक संकेतस्थळामुळे अशी एकेक कृती घरबसल्या परदेशी विकणे शक्य झाले. पेपाल या ऑनलाइन देयक-सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत देयके बंद केली, परदेशी चालू ठेवली. परिणामी ठाण्यातील नमुनाकाराला टोरांटोचे पैसे त्या मार्गाने मिळतात, डोंबिवलीचे यूपीआयने घ्यावे लागतात.