बेडसोर आधीचा की इथला? एका नोंदीची पार्श्वभूमी

बडोद्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट कोड करणाऱ्या, म्हणजे त्यातल्या आजारांना ठरलेले क्रमांक लावणाऱ्या आपल्या मंडळींना एल89 ही बेडसोरच्या कोडची मालिका तोंडपाठ असते. पण बेडसोरच्याच फायलीवर ऑडिटर एवढा डोळा का ठेवतो, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

जखम किती खोल यावरून केलेली चार पायऱ्यांची वर्गवारी 1975 पासूनची. कोडमध्ये मात्र ती बराच काळ नव्हती. 707.0 या बेडसोरच्या तेव्हाच्या जुन्या कोडमध्ये 2004 साली जखमेची जागा आली, आणि पायरीसाठी वेगळा कोड यायला ऑक्टोबर 2008 उजाडला. त्याच दिवशी, 1 ऑक्टोबरला, मेडिकेअर या तिथल्या सरकारी विमा योजनेचा नियम लागू झाला: तिसऱ्या-चौथ्या पायरीचा बेडसोर रुग्णालयात दाखल झाल्यावर झाला असेल, तर त्यापोटी वाढीव रक्कम मिळणार नाही. पूर्ण बिल कापलं जातं हा गैरसमज अजून चालतो. कापली जाते ती फक्त वाढ.

वाद इथेच आहे. कोडसोबत एक अक्षर लावावं लागतं: जखम दाखल होण्याआधीची असेल तर ‘वाय’, नंतरची असेल तर ‘एन’. नोंदीवरून कळतच नसेल तर ‘यू’, आणि पैशाच्या हिशेबात ‘यू’ म्हणजे ‘एन’च. डॉक्टरने लिहिलं की वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही, तर ‘डब्ल्यू’, आणि मग मात्र वाढ मिळते. म्हणजे पहिल्या दिवशी पेशंटला कुशीवर वळवून पाठ पाहिली का, यापेक्षा पाहिल्याचं लिहिलं का, याला किंमत आली. नियमामुळे रुग्णाची देखभाल वाढली असं समर्थक म्हणतात. मला तरी आधी वाढलेले दिसतात ते फॉर्म. शिवाय खपलीने झाकलेली, पायरी ठरवता न येणारी जखम या नियमात नव्हतीच. गुणवत्तेच्या दुसऱ्या एका मोजमापात ती धरली जाते, त्यामुळे पळवाट अर्धीच उरली.

2015 मध्ये 707 जाऊन एल89 आला, आणि जागा आणि पायरी एकाच कोडमध्ये आल्या. कमरेखालच्या त्रिकास्थीसाठी एल89.15, माकडहाडही त्यातच. शेवटचा अंक 0 म्हणजे तळ दिसत नाही म्हणून पायरी ठरत नाही. 9 म्हणजे पायरी कोणी लिहिलीच नाही. ‘4 बाय 3 सेंटीमीटर, तळाला काळी घट्ट खपली’ असं वाचून आपण होऊन 0 टाकायचा नाही, डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा पाठवायची. पायरी नर्सच्या नोंदीवरून घेता येते. निदान मात्र डॉक्टरचंच हवं.

2016 मध्ये तज्ज्ञांनी ‘अल्सर’ऐवजी ‘इंज्युरी’ म्हणायचं ठरवलं, रोमन आकडेही काढले. कोडबुकातलं शीर्षक बदललं नाही. त्वचा शाबूत पण आतून जांभळी पडलेल्या जखमेला स्वतंत्र कोड 2019 मध्ये मिळाले. तोवर ती 0 मध्येच ढकलली जायची.

आपल्याकडे अमेरिकन नाही, तर कोडबुकाच्या जागतिक आवृत्तीतला एल89 चालतो, त्यात पायऱ्या आहेत पण जागा नाही. आणि इथल्या वॉर्डातल्या कागदावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘बेडसोर प्लस, ड्रेसिंग डन’. एवढ्यावरून 9 शिवाय दुसरं काही टाकता येत नाही.