हिऱ्याच्या अंगठीत नीलम बसवायचा असेल तर

खडा विकत घेण्याआधी अंगठी आमच्याकडे आणा. साखरपुड्याच्या अंगठीत हिऱ्याऐवजी नीलम हवा, असे सांगत येणारी मंडळी बहुतेक वेळा खडा आधीच घेऊन येतात. कोणी श्रीलंकेच्या सहलीत घेतलेला, कोणी जयपूरहून मागवलेला. अंगठीही तयार असते. सुरतेहून आलेली, चार किंवा सहा प्रॉन्गची (प्रॉन्ग म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्या), मधोमध एक कॅरेटच्या गोल हिऱ्याची बैठक. आम्ही खडा चिमट्यात धरून त्या बैठकीवर ठेवतो आणि तो एक तर सरळ खाली उतरतो, नाही तर वर तरंगत राहतो. पैसे गेलेले असतात, मुहूर्त तोंडावर असतो. बडोद्यातल्या आपल्या घरांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे पत्रक.

कॅरेट नव्हे, मिलिमीटर विचारा

कॅरेट हे वजन आहे. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो; हिऱ्याची घनता 3.52, तर नीलमची 4 च्या आसपास. त्यामुळे एक कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो आणि एक कॅरेटचा गोल नीलम सहाच्या जवळपास. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण प्रॉन्गचे टोक खड्यावर जेमतेम तेवढेच चढलेले असते. साडेसहाची बैठक भरायला नीलम सव्वा ते दीड कॅरेटचा लागतो. रत्तीत हिशेब करणाऱ्यांनी जास्त जपावे, कारण रत्ती बाजारागणिक बदलते. आमच्या पावतीवर कॅरेटसोबत लांबी, रुंदी आणि खोली असे तीन आकडे लिहिलेले असतात.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, 2.42. वरून शिरलेला प्रकाश तो उथळ तळावरूनही परत वर फेकतो. नीलमचा वक्रीभवनांक 1.77 च्या आसपास आहे. तोही तसाच उथळ कापला तर प्रकाश तळातून निसटतो आणि खड्याच्या मध्यातून खालचे बोट दिसते. म्हणून नीलम खोल कापावा लागतो. साडेसहा मिलिमीटरच्या हिऱ्याची उंची चार मिलिमीटरच्या आसपास असते, तेवढ्याच नीलमची साडेचार, कधी पाच. त्यात वजन राखण्यासाठी खालचा भाग फुगीर ठेवलेले खडे पुष्कळ येतात. त्यांना आम्ही पोटाचे खडे म्हणतो. हिऱ्याच्या अंगठीत हे पोट खाली उतरून बोटाला टेकते. शिवाय प्रॉन्ग आतून हिऱ्याच्या कोनाला घासलेले असतात, त्यामुळे फुगीर खडा दोनच ठिकाणी टेकतो आणि बाकीचा अधांतरी राहतो. असा खडा आज ना उद्या हलणारच.

घरी एवढे करून पाहा. अंगठी आडवी धरून बाजूने बघा. हिऱ्याचे खालचे टोक आणि बोटाला लागणारी कड यांच्यात एक मिलिमीटरही मोकळी जागा नसेल, तर त्या बैठकीत खोल नीलम बसणार नाही.

मग काय करता येते

फरक अगदी थोडा असेल तर प्रॉन्गमध्ये नवी खाच कापून काम होते. कारागीर खडा मेणाच्या कांडीवर धरतो, बैठकीवर टेकवतो, भिंगातून बघतो, उचलतो, केसभर घासतो, पुन्हा टेकवतो. खडा चारही बाजूंनी सपाट टेकेपर्यंत हे चालते, आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. फरक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर जुने प्रॉन्ग वाकवून खडा धरायला आम्ही स्पष्ट नकार देतो. वाकवलेले सोने कधी सोडून देईल याचा भरवसा नाही. अशा वेळी जुनी बैठक काढून नीलमच्या मापाची नवी, उंच बैठक लावावी. अंगठी तीच राहते. प्रॉन्ग 18 कॅरेट सोन्याचेच करतो. 22 कॅरेटचा आग्रह आम्हाला समजतो, पण खडा धरायला ते सोने मऊ पडते.

ब्रिटनची राजवधू डायना हिच्या 1981 च्या साखरपुड्याच्या अंगठीचा फोटो दाखवून ‘अशीच करून द्या’ म्हणणारेही येतात. तिच्यातला लंबगोल सिलोनी (श्रीलंकेचा) नीलम 12 कॅरेटचा आहे आणि भोवती 14 हिरे आहेत. गोल हिऱ्याच्या बैठकीत लंबगोल नीलम बसत नाही, तिथे नवी बैठक आणि हिऱ्यांचे कडे हवेच. ते आम्ही करून देतो, पण मजुरी आधी लिहून, तुमची सही घेऊन.

आगीजवळ नेऊ नये

काही वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात एक चूक झाली. एका ताईंची अंगठी सैल करायची होती. हिऱ्याच्या कामाचा हात बसलेल्या कारागिराने नीलम न उतरवता सोने जोडायला टाकणखार (बोरॅक्स) लावला आणि आगीवर डाख दिला. तापलेला टाकणखार नीलमचा पृष्ठभाग खातो. अंगठी थंड झाली तेव्हा वरचा मोठा पैलू वाफ धरलेल्या काचेसारखा झाला होता. खडा पुन्हा पॉलिश करावा लागला, त्याचे वजन घटले. त्याची भरपाई आम्ही दिली. तेव्हापासून नीलम उतरवल्याशिवाय कोणतीही अंगठी आमच्याकडे आगीजवळ जात नाही. आपण दुसरीकडे काम करून घेणार असाल तर तिथेही हे आधी विचारा.

बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग खुलवलेले असतात. त्यात गैर काही नाही, दाखल्यावर तसे लिहिलेले असावे. भेगांमध्ये काच भरलेला नीलम मात्र आम्ही बसवत नाही, कारण तो आग आणि आम्ल दोन्ही सोसत नाही.

रंग आणि पत्रिका

खडा दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नका. दारात येऊन उजेडात बघा आणि संध्याकाळी घरच्या पिवळ्या दिव्याखालीही बघा. फार गडद नीलम रात्री काळा दिसतो, आणि बंद तळाच्या कोंदणात तर आणखीच. रोज घालायच्या अंगठीला मध्यम निळा घ्यावा, असे आमचे मत आहे.

घरातल्या आजी शनीचा प्रश्न काढतात, आणि तो आम्ही टाळत नाही. नीलम लाभेल की नाही हे आपल्या गुरुजींनी सांगावे. आमच्या पेढीवरून तसा सल्ला दिला जात नाही. पण हे घरात आधीच ठरवा. पत्रिकेसाठी नीलम सहसा मधल्या बोटात, खड्याचा तळ कातडीला लागेल असा घालतात. साखरपुड्याची अंगठी अनामिकेत असते. दोन्ही बोटांचे माप वेगळे, बैठकही वेगळी. अंगठी झाल्यावर बोट बदलले तर काम पुन्हा पहिल्यापासून.

वापरताना

हिऱ्याची कठिणता 10, नीलमची 9. आकडे लागोपाठचे असले तरी हिरा नीलमपेक्षा कितीतरी पट कठीण आहे आणि त्याला सहज ओरखडे पाडतो. म्हणून हिऱ्याची अंगठी आणि नीलमची अंगठी एका डबीत ठेवू नका. कणीक मळून झाली की कोमट साबणपाण्यात लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याची खालची बाजू धुवा. चमक जाते ती बहुतेक वेळा तिथे साचलेल्या तेलकटीने.

नवरात्रात गरब्याला जाताना अंगठी घरी ठेवा. दांडियाचा एक फटका प्रॉन्ग वाकवायला पुरतो. आणि महिन्यातून एकदा अंगठी सुती ओढणीवरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर प्रॉन्ग उचलला गेला आहे. अशी अंगठी बोटात न घालता डबीत ठेवून घेऊन या; तपासण्याचे आम्ही पैसे घेत नाही.